कोऱ्या विड्या

“हात वर,” मंगरुळे सर म्हणाले. “दोन्ही. बाकाखाली काय चाललंय?”

मी हात वर केले. हातात काही नव्हतं. सरांनी तळवे पाहिले, हात उलटे करायला लावले, मग बाह्या कोपरापर्यंत वर करायला लावल्या. माझ्या बोटांची टोकं तंबाखूनं तपकिरी झालेली होती आणि उजव्या अंगठ्याचं नख वाढवलेलं, कडेला झिजलेलं. ते नख त्यांनी दोनदा पाहिलं. तासाभरापूर्वी दारात हॉलतिकीट तपासताना ते मला ‘तुम्ही’ म्हणाले होते.

“विड्या वळतेस?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“हात टेबलावर ठेव. खाली न्यायचे नाहीत.”

सोलापूरच्या बाहेर एका इंजिनिअरिंग कॉलेजात पहिल्या मजल्यावरची ती कॉम्प्युटर लॅब होती. रविवार होता. चाळीसएक पोरंपोरी आपापल्या पडद्यात डोकं घालून बसली होती. दहा ते बारा पेपर, पन्नास प्रश्न, प्रत्येकाला दोन गुण. विषय होता मानवी शरीराचं कामकाज. इंटरनेटवर फुकट मिळणारा बारा आठवड्यांचा कोर्स, आणि शेवटी ही एक परीक्षा, जी मात्र केंद्रावर येऊन सरांच्या डोळ्यांसमोर द्यायची. या गोष्टीला नऊ वर्षं झाली. तेव्हा मी पंचवीस वर्षं आणि आठ महिन्यांची होते. ते आठ महिने महत्त्वाचे आहेत, कारण शहरातल्या एका ट्रस्टच्या रुग्णालयात प्रयोगशाळेचं काम शिकवणार होते, बारावी पास आणि हा कोर्स पास झालेल्यांना घेणार होते, आणि वय सव्वीसच्या आत हवं होतं. पुढच्या वर्षी मी सव्वीसच्या पलीकडे जाणार होते. म्हणजे हा एकच रविवार माझ्याकडे होता.

मी हात टेबलावर ठेवले आणि विसावा प्रश्न वाचला. हृदयातून रक्त कुठल्या क्रमानं फिरतं, चार पर्याय. हसू यावं इतका सोपा. आणि मला उत्तर येईना.

खोटं सांगत नाही. डोकं धुऊन काढल्यासारखं रिकामं झालं होतं. आठ महिने जे मला झोपेतून उठवलं तरी सांगता आलं असतं, ते समोर पडद्यावर लिहिलेलं होतं आणि मला चारही पर्याय सारखेच खरे वाटत होते. मी डोळे मिटले. डोळे मिटल्यावर आपोआप हात खाली गेले, बोटं चालू झाली आणि उत्तर येऊन उभं राहिलं. मी डोळे उघडले तर सर परत माझ्याजवळ.

“मी काय सांगितलं होतं?”

“सर, मला सवय आहे.”

“कसली सवय? आणि ओठ का हलतायत?”

आजूबाजूची पोरं बघायला लागली. सर खिडकीपाशी गेले, बाहेर बघितलं, आणि तिथंच थांबले. मग माझ्याकडे बघितलं. परत बाहेर. त्यांना काय दिसलं ते मला माहीत होतं, पण त्यातून त्यांनी काय काढलं ते कळायला मला जरा वेळ लागला.

कॉलेजच्या गेटाशी कडुलिंबाखाली आमच्या बायका बसल्या होत्या. माझी अम्मा, नरसम्मा आणि शेजारच्या तिघी. मला सोडायला म्हणून आल्या आणि पेपर सुटेपर्यंत थांबतो म्हणाल्या. सोमवारी कारखान्यात विड्या द्यायच्या असतात, त्यामुळे रविवारी रिकामं बसणं कुणाला जमत नाही. पाचही जणी मांडीवर सूप घेऊन, आमच्या लॅबकडे तोंड करून, विड्या वळत होत्या. पाच जणींची दहा हातांची बोटं, जशी माझी बाकाखाली चालली होती तशीच.

“चल,” सर म्हणाले. “ऊठ. कॉम्प्युटर तसाच राहू दे.”

पडद्याच्या कोपऱ्यातलं घड्याळ उलटं चाललं होतं. एक तास आणि तेरा मिनिटं उरली होती. माझे एकोणीस प्रश्न झाले होते.

*

केंद्रप्रमुख हत्तुरे मॅडम बाजूच्या खोलीत कागदपत्रं लावत बसल्या होत्या. पन्नाशीच्या, चष्मा साखळीला अडकवलेला. मंगरुळे सरांनी मला दारातच उभं केलं.

“मॅडम, ही एकटी नाही. टोळी आहे. खिडकीतून बघा. खाली पाच बायका बसवल्यात. ही इथून बोटांनी प्रश्न सांगते, त्या तिथून बोटांनी उत्तर.”

मॅडम उठल्या, खिडकीतून बघितलं. मी हसले. हसायला नको होतं, पण नरसम्मा बोटांनी उत्तरं पाठवतेय हे डोळ्यांसमोर आलं आणि आवरलं नाही.

“बघा, हसतेय,” सर म्हणाले. “गेल्या वर्षी याच केंद्रावर खुणांनी कॉपी झाली. मेमो मला मिळाला. या वेळी मी सोडणार नाही.”

त्यांचं ते बोलणं खरं असणार. पण मला त्या दिवशी त्यांची कीव करायला वेळ नव्हता.

“तुमचं नाव?” मॅडमनी विचारलं.

“राजमणी गुंडेटी.”

“हात का हलत होते?”

“मी विड्या वळत होते, मॅडम. खोट्या खोट्या.”

“का?”

आता हे कसं सांगायचं? मी एका दमात सांगितलं. आमच्या वसाहतीत दुपारी बायका एका घराच्या ओट्यावर जमून विड्या वळतात. हात गुंतलेले असतात, कान मोकळे असतात. मी मोबाईल लावून तो स्टीलच्या रिकाम्या डब्यात उभा करायची, म्हणजे आवाज मोठा होतो. कोर्सचे सर हिंदी-इंग्रजी मिसळून शिकवायचे. अडलेलं मी थांबवून तेलुगूत नाहीतर मराठीत सांगायची. लिहून घ्यायचा प्रश्नच नव्हता, तंबाखूचे हात वहीला कोण लावणार? सगळं वळता वळता ऐकायचं, वळता वळता घोकायचं. आठ महिन्यांत आम्ही बारा आठवड्यांचा कोर्स तीनदा ऐकला.

“आम्ही?” मॅडम म्हणाल्या.

“मी आणि त्या.” मी खिडकीकडे बोट दाखवलं.

“त्यांनीही नाव नोंदवलंय?”

“नाही. त्यांना परीक्षा द्यायची नव्हती. ऐकत होत्या.”

मंगरुळे सरांनी एक छापील अर्ज टेबलावर ठेवला. त्यावर गैरप्रकार असं मोठ्या अक्षरात होतं. “हिची सही घेतो. तीन वर्षं बसता येणार नाही, नियम आहे.”

“मी सही करणार नाही,” मी म्हणाले.

“तुझ्या करण्या-न करण्यानं काय होतंय?”

“मग कुठला नियम मोडला तो दाखवा.” माझा आवाज चढला होता. अम्मा म्हणते तसं माझ्या जिभेला ब्रेक नाही. “हॉलतिकिटाच्या मागं अकरा नियम आहेत. मी ते घरी इतके वाचलेत की पाठ आहेत. मोबाईल नको, घड्याळ नको, कॅल्क्युलेटर नको, वही-पुस्तक नको. दुसऱ्याशी बोलू नये, दुसऱ्याच्या पडद्याकडे बघू नये. जागा बदलू नये. कोऱ्या कागदाचा हवा तसा वापर करावा, जाताना परत द्यावा. पाणी पारदर्शक बाटलीत असावं. उशिरा आल्यास घेणार नाही. आधी उठू नये. झाले अकरा. बोटं हलवू नयेत हे कुठं आहे?”

मॅडमनी हॉलतिकीट घेतलं, उलटं केलं आणि बोट ठेवून नियम वाचायला लागल्या. माझं सगळं लक्ष भिंतीवरच्या घड्याळाकडे. अकरा वाजायला पाच मिनिटं होती. त्या प्रत्येक नियमावर थांबत होत्या आणि मला वाटत होतं, ओरडावं, लवकर वाचा म्हणून.

“त्यांच्यातल्या एकीला बोलवा,” शेवटी मॅडम बाहेरच्या शिपायाला म्हणाल्या. “कुणीही चालेल.”

*

आली ती नरसम्माच. आमच्या ओट्यावरची सगळ्यात वडील. साठीची, चाळीस वर्षं विड्या वळलेली, चौथीपर्यंत तेलुगू शाळेत गेलेली. आम्ही सगळ्या तिला अक्का म्हणतो. सूप कमरेला लावूनच आली. खाली ठेवलं तर पानं वाळतात, म्हणाली.

“काय झालं गं मणी? संपला व्हय पेपर? हितं कशाला बसवालेत तुला?”

“मी बसलेली नाही अक्का, उभी आहे.”

“मावशी, बसा,” मॅडम म्हणाल्या. “ही सांगते, तुम्ही पण हिच्याबरोबर कोर्स ऐकला.”

“ऐकलाव की. तीन टायमाला.” नरसम्मा खुर्चीवर न बसता भिंतीला टेकून खाली बसली आणि सूप मांडीवर घेतलं. “पहिल्या आठवड्यात लई लोकं होती म्हणे त्यात. हजारानं. ही वाचून दाखवायची, कुठली कुठली पोरं व्हिडिओच्या खाली नमस्ते लिहालेत म्हणून. सहाव्या आठवड्यात बघितलं तर कुणीच नाही. मी म्हटलं, सगळे पळाले व्हय? सरला कसं वाटत असंल एकट्याला? म्हणून आम्ही सोडलं नाही.”

हे खरं होतं. तो सर आधीच कधीतरी बोलून ठेवलेला आहे, त्याला आपण दिसत नाही, हे मी तिला दहा वेळा सांगितलं होतं. तिला ते पटलं नव्हतं.

मॅडमनी चष्मा डोळ्यांवर चढवला. “मी इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. शरीराचं मला फार कळत नाही. पण गेल्या महिन्यात आमच्या ह्यांची अँजिओप्लास्टी झाली, तेव्हा डॉक्टरांनी कागदावर हृदय काढून दाखवलं होतं. तेवढं मला आठवतं. मावशी, रक्त हृदयातून कसं फिरतं?”

नरसम्मानं मॅडमकडे बघितलंही नाही. सुपातलं पान उचललं. “पान घेतलं. अंगातलं खराब रक्त आलं उजव्या वरल्या खोलीत. तंबाखू भरली, गेलं उजव्या खालच्या. वळली, फुप्फुसात जाऊन चांगलं होऊन आलं. तोंड दुमडलं, डाव्या वरल्या खोलीत. सूत बांधलं, डाव्या खालच्या खोलीत, तिथनं अंगभर.” तयार विडी तिनं सुपात टाकली. “हे एका विडीत बसतंय. मूत्रपिंडाला चार विड्या लागतात.”

मॅडमनी ती विडी उचलून पाहिली. मग म्हणाल्या, “आता हात थांबवून परत सांगा.”

नरसम्मानं हात सुपाच्या काठावर ठेवले. “उजव्या… वरल्या खोलीत आलं. मग…” ती थांबली. कपाळाला आठी घातली. “मग फुप्फुसात… नाही. थांबा.” तिनं स्वतःच्या हातांकडे रागानं बघितलं. “हात धरून ठेवल्यावर कसं येईल, मॅडम? तुम्हाला कुणी तोंड धरून बोला म्हटलं तर बोलालाव काय?”

मंगरुळे सर म्हणाले, “पाठांतर आहे हे. समजून काय घेतलंय?”

मला वाटलं नरसम्मा आता चिडणार. पण ती शांतपणे म्हणाली, “मला रात्रंदिवस खोकला आहे, सर. वीस वर्षं झाली. डॉक्टर बाटली देतो, तोंडाकडं बघत नाही. सातव्या आठवड्यात त्या सरनं फुप्फुसातल्या हवेच्या बारक्या पिशव्या दाखवल्या, धूळ जाऊन बसली की काय होतं ते सांगितलं. मी त्या दिवशी अर्धा तास विडी वळली नाही. तेवढाच अर्धा तास. मग परत वळायला लागले, कारण दुसरं काय करणार? पण तोंडाला फडकं बांधून. आता आमच्या ओट्यावर सगळ्या बांधालेत. समजलं नसतं तर बांधलं असतं काय?”

तिनं पदराखालून ते फडकं काढून दाखवलं. तंबाखूनं नाकाजवळ तपकिरी झालेलं. मंगरुळे सर खिडकीबाहेर बघायला लागले.

भिंतीवरच्या घड्याळात अकरा वाजून बारा मिनिटं झाली होती.

“ठीक आहे,” हत्तुरे मॅडम म्हणाल्या. मला वाटलं, सुटले. त्यांनी एक कोरा कागद आणि पेन माझ्यापुढे सरकवलं. “गैरप्रकाराचा अर्ज मी भरत नाही. पण सरांनी दोनदा सांगूनही तुम्ही ऐकलं नाहीत. तेव्हा एक ओळ लिहून द्या. परीक्षेत संशयास्पद हालचाल केली, पुन्हा करणार नाही. सही करा आणि जाऊन बसा. अठ्ठेचाळीस मिनिटं आहेत.”

अठ्ठेचाळीस मिनिटं आणि एकतीस प्रश्न. मी पेन हातात घेतलं. पेनही बोटांत फिरायला लागलं.

“लिही की गं,” नरसम्मा म्हणाली. “एक ओळ तर आहे. लिही आणि पळ.”

मी पेन खाली ठेवलं.

“मॅडम, मी ‘पुन्हा करणार नाही’ असं लिहू शकत नाही. मी आत गेले की पुन्हा करणार आहे. त्याशिवाय मला येत नाही.”

“अहो, लिहायला काय जातंय? नुसतं लिहायचं.”

“मग ते खोटं होईल. खोटं लिहून कॉपी केली नाही असं सिद्ध करायचं?”

“मणी!” नरसम्मा ओरडली. “वय निघून चाललंय तुझं!”

“जाऊ दे. अक्का, तू त्या कोर्सच्या पानावर वरती काय लिहिलंय ते मला रोज वाचायला लावायचीस ना? सांग की यांना.”

नरसम्मानं एकदा मॅडमकडे, एकदा सरांकडे बघितलं. “कुणीही, कुठूनही, कोणत्याही वयात,” ती शाळेतल्या पोरीसारखी म्हणाली. “असं लिहिलंय वरती. मोठ्या अक्षरात.”

“कुणीही म्हणजे आम्ही पण,” मी म्हणाले. मी दोन्ही हात त्यांच्यापुढे धरले. “आणि आम्ही म्हणजे हे हात. ज्यांना टेबल-खुर्चीवर बसून, वही घेऊन शिकता येतं त्यांच्यासाठीच दार उघडं असेल तर तसं लिहा वरती. मी सही करणार नाही. ही ओळ लिहिली तर आठ महिने आम्ही ओट्यावर जे केलं ती चोरी होती असं मीच लिहून दिल्यासारखं होईल. मग पास होऊन तरी काय करू?”

बोलून झाल्यावर मला भीती वाटली. फार वाटली. अम्मा खाली झाडाखाली बसली होती आणि तिला यातलं काही माहीत नव्हतं. तिला काय सांगायचं याचा विचार मी तेव्हाच करायला लागले होते.

मॅडमनी माझ्यापुढचा कागद परत ओढून घेतला. स्वतःच त्यावर दोन ओळी लिहिल्या आणि खाली स्वतःची सही केली. मग तो मंगरुळे सरांना दिला. सरांनी मोठ्यानं वाचला, बहुधा विश्वास बसावा म्हणून. “उमेदवाराच्या हातांची हालचाल आढळली. आक्षेपार्ह साहित्य आढळले नाही. परीक्षेस बसू दिले.”

“मॅडम, मेमो आला तर?”

“मला येईल. सही माझी आहे.”

“निदान हात टेबलावर हवेत,” सर म्हणाले. “माझ्या डोळ्यांसमोर. हे तरी मान्य करायला सांगा.”

“ते मान्य आहे,” मी म्हणाले. “डोळ्यांसमोरच.”

*

मी जागेवर बसले तेव्हा बेचाळीस मिनिटं उरली होती. प्रत्येकाला केंद्राचा शिक्का मारलेले कोरे कागद मिळाले होते, कच्च्या कामासाठी. मी एक कागद घेतला, नखानं घडी घातली आणि पानाच्या मापाचे तुकडे फाडले. पत्र्याचं माप ठेवून कात्रीनं पानं कापायची आम्हाला सवय असते, पण माप बोटांतही बसलेलं असतं. ओढणीच्या काठातून चार दोरे ओढून काढले. मग सगळं टेबलावर, की-बोर्डच्या अलीकडे, सरांच्या डोळ्यांसमोर मांडलं.

सर येऊन उभे राहिले. कागदांकडे बोट केलं, मग मागं घेतलं. आठवा नियम होता तो. कोऱ्या कागदाचा हवा तसा वापर करावा.

मी प्रश्न वाचायची, कागद उचलायची, वळायची, तोंड दुमडायची, उत्तरावर टिचकी मारायची. बोटांनी पुढं व्हावं आणि मी मागून जावं असं चाललं होतं. काही प्रश्न अर्ध्या विडीतच यायचे. मूत्रपिंडाला नरसम्मानं सांगितल्याप्रमाणे चार लागल्या. दोन प्रश्न मला आलेच नाहीत, ते ठोकून दिले. बारा वाजता पडदा आपोआप बंद झाला तेव्हा माझ्यापुढे सत्तावीस कागदी विड्या होत्या. सवयीनं मी पंचवीस बाजूला काढून दोऱ्यानं त्यांचा कट्टा बांधला आणि उरलेल्या दोन सुट्या ठेवल्या.

“कागद परत,” मंगरुळे सर म्हणाले.

मी कट्टा आणि त्या दोन सुट्या विड्या त्यांच्या हातात दिल्या. सगळी पोरं निघून गेली तरी मी दारात थांबले होते. सर खुर्चीवर बसले, कट्टा सोडला आणि एकेक विडी उलगडायला लागले. पहिली उलगडली, दोन्ही बाजूंनी बघितली, उजेडात धरली. दुसरी उलगडली. माझ्या विड्या घट्ट असतात, कारखान्यात कधी बाद झालेल्या नाहीत. त्यांना नखानं उकरून काढाव्या लागत होत्या. सगळ्या कोऱ्या होत्या. सत्तावीसही.

“एवढी घट्ट कशी वळतेस गं?” त्यांनी विचारलं.

“शिकायला या ओट्यावर,” मी म्हणाले. “कुणीही आलं तरी चालतं.”

मला बहात्तर टक्के पडले. जूनमध्ये मी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत शिकायला लागले आणि तिथंच आहे. सूक्ष्मदर्शकावर बसले की अजूनही डाव्या हाताची बोटं चालू असतात. नवीन डॉक्टर येतात तेव्हा बघतात, मग सवय होते.

पण गोष्ट इथं संपली असती तर मी सांगायला बसले नसते.

पुढच्या वर्षी नरसम्मानं तोच कोर्स नोंदवला. स्वतःच्या नावावर, मोबाईलवर स्वतःचा अंगठा दाबून. मी म्हटलं, अक्का, पेपर हिंदी-इंग्रजीत असतो, तुला दोन्ही वाचता येत नाही. ती म्हणाली, कोणत्याही वयात लिहिलंय ना, मग वाचता येणाऱ्यांनीच असं कुठं लिहिलंय, बघ जरा. मी अकरा नियम परत वाचले. नव्हतं लिहिलेलं.

तेच कॉलेज, तीच लॅब, रविवार. कडुलिंबाखाली या वेळी मी बसले होते, मांडीवर तिचं सूप घेऊन. तिथून पहिल्या मजल्यावरची खिडकी स्पष्ट दिसते. नरसम्माची जागा खिडकीलाच होती. दहा वाजता सगळ्यांनी माना खाली घातल्या. तिनं शिक्क्याचा कोरा कागद घेतला आणि शांतपणे फाडायला सुरुवात केली.

मंगरुळे सर आले. मला वरून आवाज येत नव्हता, पण ते वाकून काहीतरी सांगत होते आणि मान हलवत होते, नाही, नाही. नरसम्मा पडद्याकडे बोट दाखवत होती. सरांनी परत मान हलवली. मग तिनं वर त्यांच्याकडे बघून काहीतरी म्हटलं, लहानसंच, आणि कागद वळायला घेतला.

सरांनी एकदा दाराकडे बघितलं. मग बाजूची रिकामी खुर्ची ओढली, तिच्याशेजारी बसले, पडद्याकडे तोंड केलं आणि त्यांचे ओठ हलायला लागले. बारा वाजेपर्यंत हलत होते.

तिला बेचाळीस टक्के पडले. पास व्हायला चाळीस लागतात.

पण ते पुढं कळलं. त्या दिवशी ती गेटातून बाहेर आली, माझ्या मांडीवरचं सूप काढून घेतलं आणि मी वळलेल्या विड्या तपासायला लागली. मी विचारलं, “अक्का, सर तुला सारखे नाही नाही काय म्हणत होते?”

“म्हणाले, वाचून दाखवायची सोय नाही.”

“मग तू काय म्हणालीस?”

तिनं एक विडी सैल आहे म्हणून बाजूला टाकली.

“म्हटलं, मग करा की सोय.”